जमीन सपाट करायची, पण बुलडोझर केवढा?

गुहागरपासून दक्षिणेस सुमारे २५ किलोमीटरवर असलेले हेदवी मुंबई-पुण्याच्या पर्यटकांना दशभुज गणेशाच्या मंदिरामुळे आणि उमामहेश्वराच्या देवळाजवळील बामणघळीमुळे परिचित आहे. गावाची रचना कोकण किनाऱ्यावरील इतर गावांसारखीच. समुद्रालगत नारळी-पोफळीची आगरे, त्यामागे डोंगरउतार आणि वर जांभ्या कातळाचा सडा. आगराची जमीन सहसा विकली जात नाही. त्यामुळे शहरातून येणाऱ्या खरेदीदाराच्या वाट्याला येतो तो उतार किंवा सडा. सातबारा नावावर झाला, की त्याचा पहिला प्रश्न असतो तो सपाटीकरणाचा, आणि त्यापाठोपाठ दुसरा, यंत्र कोणते आणि केवढे आणावे?

या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा गावातील उपलब्ध यंत्रावरून ठरते, जमिनीवरून नाही. ज्याच्या ओळखीच्या ठेकेदाराकडे पोकलेन आहे त्याला पोकलेनच योग्य वाटते. वास्तविक यंत्राचा आकार ठरविण्याआधी माती किती हलवायची हे काढावे लागते, आणि हे गणित शाळेतल्या भूमितीपलीकडचे नाही.

आधी ब्रास मोजा

मातीकामाचे माप ब्रासमध्ये करतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. समजा, हेदवीच्या उतारावर १० गुंठ्यांचा तुकडा आहे, उताराच्या दिशेने १०० फूट लांब आणि आडवा सुमारे १०९ फूट. उतार दहास एक, म्हणजे वरच्या हद्दीपासून खालच्या हद्दीपर्यंत १० फुटांचा फरक. कोकणच्या मानाने हा उतार सौम्यच म्हणायचा.

संपूर्ण तुकडा एका पातळीत आणायचा, तर वरच्या अर्ध्या भागातील माती कापून खालच्या अर्ध्या भागात भरावी लागते. वरच्या हद्दीशी ५ फूट कापणी आणि खालच्या हद्दीशी ५ फूट भराव. एकूण कापणी भरते सुमारे १३६ ब्रास. तोच तुकडा दोन टप्प्यांत सपाट केला, तर कापणी ६८ ब्रासवर येते. चार टप्पे केले, तर अवघी ३४ ब्रास. टप्पे दुप्पट केले की माती निम्मी होते, आणि हद्दीवरची कापणी व भरावही त्याच प्रमाणात उतरतात. कोकणातील जुन्या शेतकऱ्याने डोंगरावर पायऱ्या-पायऱ्यांची शेते पाडली, ती हे गणित मांडून नव्हे. पण कमी कष्टात सपाट जमीन मिळविण्याचा दुसरा मार्ग नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते.

आता केवळ घरापुरती जागा करायची असेल, तर आकडे आणखी खाली येतात. ४० फूट लांब-रुंद चौथऱ्यासाठी याच उतारावर कापणी लागते ८ ब्रास. चांगला मजूर साध्या मातीत दिवसाला साधारण एक ब्रास खणून बाजूला टाकतो. म्हणजे हे काम चार मजुरांच्या दोन-तीन दिवसांचे आहे. जेसीबी आणला तर एका सकाळचे. त्यासाठी डोझर मागविणाऱ्याने पैसे यंत्राच्या कामाचे दिले असे म्हणता येत नाही. ते त्याच्या प्रवासाचे दिले.

खणलेली माती फुगते, हेही ध्यानात ठेवावे लागते. साधी माती सुटी झाल्यावर सुमारे चौथ्या हिश्श्याने वाढते. कागदावरची १३६ ब्रास पात्यासमोर १७० ब्रास होऊन येते. ठेकेदाराशी बोलताना ब्रास घट्ट मातीची की सुट्या मातीची, हे स्पष्ट केले नाही, तर वाद ठरलेला.

नावे आणि यंत्रे

बोलीभाषेत माती हलविणारे प्रत्येक यंत्र 'जेसीबी' असते आणि वृत्तपत्रांत ते 'बुलडोझर' होते. अतिक्रमणविरोधी 'बुलडोझर कारवाई'च्या बहुतेक छायाचित्रांत प्रत्यक्षात जेसीबी किंवा पोकलेन दिसतो, हा त्यातलाच गोंधळ. जागामालकाने मात्र तीन यंत्रांतील फरक जाणून घेतला पाहिजे.

बुलडोझर, ठेकेदारांच्या भाषेत 'डोझर', म्हणजे पोलादी पट्ट्यांवर चालणारे आणि पुढच्या रुंद पात्याने माती कापून ढकलणारे यंत्र. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात जेम्स कमिंग्ज हा शेतकरी आणि जे. अर्ल मॅक्लिओड हा आरेखक यांनी १९२३ मध्ये ट्रॅक्टरला पाते जोडून त्याचा पहिला आराखडा केला. डोझर माती उचलत नाही आणि ट्रॉलीत भरतही नाही. तो ढकलतो आणि परतताना पातळी करतो.

ज्याला जेसीबी म्हणतात ते पुढे मोठी बकेट आणि मागे खणणारा हात असलेले रबरी टायरचे यंत्र. मूळ ब्रिटिश कंपनीने १९७९ मध्ये हरियाणातील बल्लभगड येथे त्याचे उत्पादन सुरू केले आणि कंपनीचे नाव यंत्राला चिकटले. वजन सुमारे साडेसात टन, शक्ती साधारण ७५ अश्वशक्ती, पुढच्या बकेटमध्ये माती सुमारे एक घनमीटर. ते रस्त्याने स्वतः चालत येते, हा त्याचा सर्वांत मोठा गुण.

पोकलेन हे नावही एका फ्रेंच कंपनीचेच. पट्ट्यांवर उभे राहून गरगर फिरणारे, लांब हाताचे हे खणणयंत्र एका जागी उभे राहून काम करते. बकेट काढून ब्रेकर लावला, की कातळ फोडते.

डोझरमध्येही आकारांचे तीन ढोबळ वर्ग मानता येतील. लहान वर्गातला डोझर ८० ते १०० अश्वशक्तीचा, आठ-दहा टनांचा. त्याच्या पात्यासमोर दीड-दोन घनमीटर माती मावते. मध्यम वर्ग १५० ते २२० अश्वशक्तीचा, वजनाने वीस टनांच्या आसपास आणि पात्यात चार घनमीटर किंवा अधिक. त्यावरचा वर्ग ३०० अश्वशक्तीच्या पुढचा, चाळीस टनांच्या घरातला. तो खाणी, धरणे आणि महामार्गांचा. सार्वजनिक क्षेत्रातील बीईएमएल ही कंपनी असे डोझर बनविते. तिचा बीडी ५० पहिल्या वर्गात, बीडी ६५ आणि बीडी ८० दुसऱ्या, तर बीडी १५५ तिसऱ्या वर्गात मोडतो. खासगी जागेच्या संदर्भात तिसऱ्या वर्गाचा विचार करण्याचे कारणच नाही.

१३६ ब्रासचा हिशेब

वरच्या उदाहरणात कापणीच्या भागापासून भरावापर्यंत मातीला सरासरी ६५-७० फूट, म्हणजे २० मीटर जावे लागते. लहान डोझर ढकलणे, मागे येणे आणि गिअर बदलणे यांसह एका फेरीला सुमारे मिनिट घेतो. कागदावर तासाला साठ फेऱ्या होतात, पण प्रत्यक्षात यंत्र तासातील पन्नास मिनिटेच चालते, जांभ्याच्या मातीत दगड लागतात आणि चालकही प्रत्येक वेळी पाते पूर्ण भरून नेत नाही. हे सारे धरून तासाला १४ ब्रास सुटी माती हलली तरी समाधान मानावे. १७० ब्रासला १२ तास लागतात, म्हणजे दोन दिवस.

मध्यम डोझर हेच काम पाच-सहा तासांत उरकेल. जेसीबीला पाच ब्रास तासाला धरले, तर सुमारे ३४ तास, म्हणजे चार-पाच दिवस लागतील. पाहणाऱ्याला मध्यम डोझर साहजिकच स्वस्त वाटतो. परंतु वीस टनांचे यंत्र पट्ट्यांवर डांबरी रस्त्याने चालवीत आणता येत नाही. त्यासाठी खाली बसक्या ट्रेलरची जाण्या-येण्याची व्यवस्था करावी लागते, आणि तिचा खर्च काम पाच तासांचे असो वा पन्नास तासांचे, तितकाच पडतो. शिवाय बहुतेक ठेकेदार किमान तासांची अट घालतात. म्हणून तासाच्या दरांची तुलना फसवी ठरते. वाहतूक, डिझेल आणि किमान तास धरून एकूण रक्कम काढावी आणि तिला ब्रासने भागावे. तीन-चार शेजारी जागामालकांनी एकाच वेळी काम काढले, तर वाहतुकीचा खर्च वाटला जातो. मोठे यंत्र परवडण्याचा हा जवळजवळ एकमेव मार्ग.

अंतराचाही विचार हवा. डोझरचे राज्य शंभर मीटरपर्यंत. त्यातही पहिल्या पन्नास-साठ मीटरांत तो खरा किफायतशीर, कारण पुढे पात्याच्या दोन्ही कडांनी माती गळत जाते. जाणता चालक एकाच पट्ट्यातून वारंवार ढकलून आधी चर पाडतो. चराच्या भिंती माती गळू देत नाहीत. उताराच्या दिशेने ढकलल्यास पाते अधिक माती नेते, चढावर निम्मीही नेत नाही. रस्त्यापलीकडच्या तुकड्यात माती न्यायची असेल, तर डोझरचे काम नाही. तेथे जेसीबी आणि ट्रॉली किंवा डंपर.

वाट आणि वळण

हेदवीसारख्या गावात यंत्राचा आकार कित्येकदा पाखाडी ठरविते. मुख्य रस्त्यापासून वाडीत जाणारी वाट आठ-नऊ फुटांची, दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, वर विजेच्या तारा आणि फणसाच्या फांद्या. लहान डोझरचे पातेच आठ-नऊ फुटांचे असते. ट्रेलरवर चढविलेल्या यंत्राची उंची आणि वळणावर ट्रेलरला लागणारी जागा मोजल्याविना आगाऊ रक्कम देऊ नये. चिपळूण-गुहागर रस्त्यापर्यंत सहज आलेला ट्रेलर पुढच्या अरुंद वळणांवर अडू शकतो. रत्नागिरीकडून जयगड-तवसाळ फेरीबोटीने यंत्र आणण्याचा विचार असेल, तर बोटीची वजनमर्यादा आधी विचारावी. वाटेत एखादा गडगा काढून पुन्हा रचावा लागणार असेल, तर तोही खर्चात धरावा, आणि गडग्याच्या मालकाला आदल्या दिवशी नव्हे, आठवडाभर आधी विचारावे.

आत पोहोचल्यावर फिरण्यास जागा हवी. मध्यम डोझरला वळण्यासाठी स्वतःच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट मोकळी जागा लागते. २५ फुटांच्या टप्प्यावर तो पुढे-मागे होण्यातच वेळ घालवतो. चार टप्प्यांच्या आखणीत म्हणूनच लहान डोझर, जेसीबी किंवा मिळाल्यास लहान पोकलेन बरा. विहीर, सोषखड्डा आणि विजेचा खांब यांच्या जवळ तर यंत्रापेक्षा माणसाचा हात विश्वासाचा.

कातळापुढे डोझर

आतापर्यंतचे गणित मातीचे होते. सड्यावर ते कोलमडते. जांभा जमिनीत असताना त्या मानाने मऊ असतो आणि उघड्यावर वाळून टणक होतो. स्कॉटिश संशोधक फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये मलबारातील या दगडाला 'विटेचा दगड' या अर्थाने लॅटराइट हे नाव दिले, ते तो विटेसारखा कापून वापरतात म्हणूनच. सड्यावरचा वरचा थर शतकानुशतके उघडा राहिल्याने सर्वांत कठीण असतो. लहान डोझरच्या मागे लावलेले रिपरचे दाते त्यावर ओरखडे काढतात, यापलीकडे काही होत नाही. तो कातळ उचकटण्याइतका मोठा डोझर या वाटांनी येणार नाही. तेव्हा सड्यावर पोकलेन आणि ब्रेकर, तोही जेवढ्यास तेवढा, हेच उत्तर राहते.

यंत्र ठरविण्यापूर्वी तुकड्याच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी पहारीने खड्डे घेऊन पाहावेत. पाच माणसांच्या एका दिवसाच्या मजुरीत हे होते. पहार दीड फुटावर वाजू लागली, तर ५ फूट कापणीचा आराखडा तेथेच गुंडाळावा आणि पातळी वर धरावी.

सड्याबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील अनेक सड्यांवर प्रागैतिहासिक कातळशिल्पे आढळली असून उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे आदी ठिकाणच्या शिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत समावेश झाला. ही शिल्पे कित्येकदा माती-गवताच्या पातळ थराखाली असतात. डोझरच्या पहिल्याच फेरीत ती नाहीशी होतात आणि गेल्याचे कोणाला कळतही नाही. सडा झाडून पाहण्यास डिझेल लागत नाही.

बाग करायची, तर सपाटी कशाला?

कोकणातील जागेवर आंबा-काजू लावू इच्छिणारे कित्येक जण आधी सपाटीकरण करून घेतात. ही सर्वांत महागडी चूक. कलमांना सपाट जमीन लागत नाही. निचरा लागतो, आणि तो उतारावर आयताच मिळतो. हापूसची कलमे पारंपरिक पद्धतीने १० मीटर अंतरावर, एक मीटर लांब-रुंद-खोल खड्ड्यांत लावतात. हेक्टरी शंभर खड्डे म्हणजे १०० घनमीटर, सुमारे ३५ ब्रास. दहा गुंठ्यांत जेमतेम दहा खड्डे. जेसीबीचा मागचा हात हे काम दोन-तीन तासांत करतो, आणि उरलेल्या पैशात कुंपण होते.

डोझर फिरविल्यास वरची सुपीक माती सर्वांत आधी भरावाच्या तळाशी जाते आणि वर येतो तांबडा मुरूम, ज्यात वर्षानुवर्षे काही धरत नाही. सपाटी अपरिहार्यच असेल, तर आधी सहा इंच माती खरवडून एका बाजूस रचावी आणि शेवटी पसरावी. दहा गुंठ्यांत ती ५४ ब्रास भरते. हे काम दोनदा करावे लागत असल्याने ठेकेदार त्याला नाखूष असतो. करारात लिहून घेतले तरच होते.

उतार कापताना

रत्नागिरी जिल्ह्यात पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी चिकणमातीचा थर असतो. वरचा जांभा सच्छिद्र, पाणी आत घेणारा. खालची चिकणमाती ते अडविणारी. उताराचा पायथा खोल कापला, की वरच्या थराचा आधार जातो आणि दोहोंच्या मधून वाहणारे पाणी बाहेर पडू लागते. मोठ्या यंत्राचा खरा धोका येथे आहे. लहान यंत्राने ८ फूट कापणी करायला चार दिवस लागतात आणि मधल्या काळात माणूस विचार करतो. मोठे यंत्र ती दुपारपर्यंत करून मोकळे होते.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. तत्कालीन कारण अतिवृष्टीचे होते, तथापि उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणाचा प्रश्न त्यानंतर गांभीर्याने चर्चेत आला. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत खेड तालुक्यातील पोसरे येथेही दरड कोसळून जीवितहानी झाली. दहा गुंठ्यांच्या मालकाला हे दूरचे वाटेल. त्याच्या तुकड्याखाली मात्र कोणाचे तरी आगर, विहीर किंवा घर असतेच, आणि पाऊस त्याचा भराव तेथेच नेऊन टाकतो. पऱ्ह्याची वाट तर कोणत्याही यंत्राने बुजवू नये. पावसाळ्यात तो आपली वाट पुन्हा शोधतो.

कायद्याची बाजू

स्वतःच्या जमिनीतील माती स्वतःची, हा समज अर्धाच खरा आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ नुसार गौण खनिजाच्या अनधिकृत उत्खननास बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो आणि यंत्र व वाहन जप्त करता येते. मात्र प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन ऑफ पुणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०१४ रोजी, मातीचा उपयोग कशासाठी झाला यावर तिचे गौण खनिज असणे अवलंबून आहे, असे स्पष्ट केले. पायाची माती काढून त्याच भूखंडात वापरली, एवढ्याने दंड लावता येत नाही. पाठोपाठ २०१५ मध्ये राज्याच्या नियमांतही, भूखंड विकसित करताना निघालेली माती त्याच भूखंडात सपाटीसाठी वापरल्यास स्वामित्वधन नाही, अशी तरतूद झाली.

याचा थेट परिणाम यंत्राच्या निवडीवर होतो. कापणी आणि भराव जुळले, तर माती हद्दीबाहेर जात नाही, डंपर लागत नाही आणि तहसील कार्यालयाकडून वाहतुकीचा परवाना घ्यावा लागत नाही. एक ट्रॉली जरी बाहेर गेली, तरी चित्र बदलते. काम सुरू करण्यापूर्वी तहसीलदारांकडे आराखड्यासह लेखी माहिती देऊन पोच घेणे शहाणपणाचे. हद्दीची मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून करून घेतलेली असावी. सामाईक सातबाऱ्यावर डोझर फिरविणे म्हणजे भाऊबंदकीला आमंत्रण. भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आहेत आणि तेथे वाळूच्या टेकड्या सपाट करण्यास मनाई आहे. किनाऱ्यालगत यंत्राचा आकार हा प्रश्नच उद्भवत नाही.

केव्हा आणि कसे

बहुतेक जागामालक मे महिन्यात सुटीवर येतात आणि त्याच पंधरवड्यात यंत्र मागतात. तेव्हा माती वाळून दगड झालेली असते, यंत्रांना मागणी असते आणि भराव दबण्याआधी पाऊस येतो. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत जमिनीत ओल असते. पाते सहज शिरते आणि भरावही चांगला दबतो. भराव आठ-नऊ इंचांच्या थरांत टाकून प्रत्येक थरावर यंत्र फिरविले पाहिजे. यात डोझरचा एक दोष आड येतो. त्याचे वजन रुंद पट्ट्यांवर विभागले गेल्याने तो माती फारशी दाबत नाही. दबाईसाठी भरलेली ट्रॉली किंवा रोलर फिरवावा लागतो.

भरावाच्या कडेस गडगा रचावा, त्यात पाणी निघण्यास जागा ठेवावी आणि वरच्या हद्दीशी पाणी बाजूला काढणारा चर पावसाआधी तयार असावा. घराचा पाया शक्यतो कापलेल्या भागावर घ्यावा. भरावावरच घ्यायचा असेल, तर निदान एक पावसाळा त्यावरून जाऊ द्यावा आणि सप्टेंबरात जमीन कोठे किती खचली ते पाहून मगच रेघा माराव्यात.